देवळाचा सातबारा: काठमांडूच्या गल्ल्यांतून चालताना

पहिल्याच देवळासमोर मी गाईडला विचारलं, "हे हिंदूंचं की बौद्धांचं?" तो हसला आणि म्हणाला, "दाइ (म्हणजे दादा), हा प्रश्न तुम्ही आज दहा वेळा विचारणार, आपण आधी चहा घेऊ." मला वाटलं टाळतोय, याला माहीत नसणार. संध्याकाळी पाय सुजवून हॉटेलवर परत आलो तेव्हा कळलं की उत्तर त्याच्याकडे होतं, माझा प्रश्नच वाकडा होता. तर तो सरळ कसा करायचा ते इथे सांगतो, कारण आपल्याकडून जाणारे बरेचजण पशुपतिनाथ, थोडं शॉपिंग आणि पोखरा एवढं करून परत येतात, आणि मधे जे खरं काठमांडू आहे ते रिक्षातून बघतात.

आम्ही तिघं होतो, मी, बायको आणि आई. आईचं वय अडुसष्ट, गुडघे बरे, आणि दर श्रावणात घरी नवनाथांचं पारायण. हे पारायण पुढे कामाला आलं, लक्षात ठेवा.

आधी थोडी बेसिक माहिती, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. काठमांडू खोऱ्यातले जुने रहिवासी म्हणजे नेवार. त्यांची भाषा वेगळी (नेपाळभाषा म्हणतात तिला, नेपाळी नव्हे), जेवण वेगळं, आणि ही सगळी देवळं, चौक, लाकडी खिडक्या बांधणारे हेच लोक. त्यांच्यात काही शिवमार्गी, काही बुद्धमार्गी. पण ओळखायचं कसं, तर घरातलं लग्न-बारसं-श्राद्ध करायला कोणाला बोलावतात त्यावरून. ब्राह्मण येत असेल तर शिवमार्गी, वज्राचार्य येत असेल तर बुद्धमार्गी. बस्स. देव कोणते पुजता यावरून काहीच ठरत नाही, कारण देव बहुतेक तेच असतात. म्हणजे आपल्याकडे "तुमचे भटजी कोण" विचारल्यासारखं झालं.

आणि हे वज्राचार्य आणि शाक्य म्हणजे कोण? तर हे बौद्ध भिक्षूंचे वंशज, पण लग्न करून संसार करणारे. मुलगा लहान असताना त्याचं मुंडन करून भिक्षू बनवतात, चार दिवस तो भिक्षा मागतो, आणि मग गुरूसमोर जाऊन सांगतो की हे काय मला झेपत नाही, मी घरी जातो. मग तो परत घरचा होतो, पण विहारावरचा हक्क त्याला मिळालेला असतो. आईला हे एका सेकंदात कळलं, "सोडमुंज की रे ही!" म्हणाली. गाईडला सोडमुंज समजावून सांगायला मात्र मला पाच मिनिटं लागली.

रूट असा होता, थमेलहून दक्षिणेकडे निघायचं, काठेसिंभू, बांगेमुढा, आसन, जनबहाल, इंद्रचोक, हनुमानढोका आणि शेवटी काष्ठमंडप. अंतर जेमतेम दोनेक किलोमीटर. पण दर वीस पावलांवर एक देव आहे आणि प्रत्येक देवाची एक गोष्ट, त्यामुळे अख्खी सकाळ गेली. सकाळी सातला निघा, तेव्हा बायका पूजेची ताटं घेऊन बाहेर पडलेल्या असतात आणि मोटारसायकली अजून झोपलेल्या असतात. आपल्याला एक फायदा फुकटचा, पाट्या देवनागरीत, सगळं वाचता येतं. अर्थ लागतोच असं नाही, पण वाचता येतं.

काठेसिंभू हा एक स्तूप, गल्लीतून आत शिरलं की अचानक मोकळं अंगण आणि मधे हा. ज्यांना टेकडीवरच्या स्वयंभू या मोठ्या स्तूपाच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी ही खालची छोटी आवृत्ती, म्हणून म्हातारी माणसं इथे जास्त. बाजूला कबुतरं, मुलं फुटबॉल खेळतायत, आणि कोपऱ्यात हारितीचं देऊळ. तिच्याकडे नंतर येऊ.

बांगेमुढा मात्र थांबून बघायची चीज आहे. नावाचा अर्थच वाकडा ओंडका. रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या मधोमध, भिंतीला लागून एक लाकडाचा गोळा आहे आणि त्यावर हजारो खिळे, खिळ्यांनी ठोकलेली नाणी, इतकी की लाकूड दिसतच नाही, नुसता गंजलेल्या लोखंडाचा खवलेवाला गठ्ठा दिसतो. मधे एक छोटा खड्डा, त्यात म्हणे इवलीशी मूर्ती आहे, मला वाकून बघूनही नीट दिसली नाही. हा दातदुखीचा देव, वैश्यदेव. दाढ दुखायला लागली की इथे नाणं ठेवून खिळा ठोकायचा. आणि गंमत म्हणजे त्याच रस्त्यावर आजूबाजूला दातांच्या डॉक्टरांची दुकानं, काचेच्या शोकेसमधे कवळ्या मांडलेल्या. देवाकडे फरक नाही पडला तर दहा पावलं चाला. मी सवयीने तोंड उघडलं, हा हिंदू की... आणि गाईडने नुसतं बघितलं. दाढ दुखते तेव्हा कोण धर्म विचारतं, हे मला तेव्हा तरी पटलं.

आसन म्हणजे सहा रस्ते एकत्र येतात तो चौक, आपल्या मंडईसारखा, मसाले, सुके मासे, तांब्या-पितळेची भांडी, सगळा कल्ला. तिथे अन्नपूर्णेचं देऊळ आहे आणि आत मूर्ती नाही, कलश आहे. नेवार लोक तिला आसन आजिमा म्हणतात. आजिमा म्हणजे आजी! खोऱ्यात अशा बऱ्याच आजिमा आहेत, वस्ती सांभाळणाऱ्या, रागीट, लाड केला की खूश. वर पुराणातलं नाव लावलेलं असतं, आत आजीच बसलेली असते. आपल्याकडे गावदेवीला कालांतराने दुर्गा म्हणायला लागतात तोच प्रकार.

त्याच चौकात जमिनीत एक दगडी मासा आहे, लोक त्याच्यावरून चालत जातात. त्याची गोष्ट भारी आहे. एका ज्योतिषाच्या घरी बाळंतपण चालू होतं. मूल जन्मलं की घंटा वाजवायची असं ठरलेलं, घंटा वाजली, त्याने लगेच कुंडली मांडली, आणि कुंडलीत आलं की हे मूल तुझं नाही. गडी रागाने घर सोडून निघून गेला. खूप वर्षांनी परत आला, तेव्हा एक हुशार पोरगा त्याचा शिष्य झाला. दोघांनी गणित मांडलं की अमक्या वेळी आसनला आभाळातून मासा पडणार. गुरूने जागा दाखवली, शिष्य म्हणाला, गुरुजी, वारा धरला नाहीत तुम्ही, आणि पडल्यावर मासा थोडी उडीही मारणार, इथे नाही, तिथे. मासा शिष्याने सांगितलं तिथेच पडला. आणि गुरूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की त्या रात्री पण आपण असंच काहीतरी धरायचं विसरलो होतो, आणि हा समोर उभा असलेला पोरगा आपलाच. बायकोचा यावर एकच प्रश्न होता, त्या बाईचं मधल्या काळात काय झालं? गोष्टीत ते नाही.

आता खरा मुद्दा. आसनपासून पाच मिनिटांवर केलटोलमधे जनबहाल आहे. बहाल म्हणजे विहार, शब्द तिथूनच आला. कमानीतून आत गेलं की मोठं अंगण, सगळीकडे छोटे चैत्य, आणि मधे सोन्याच्या मुलाम्याचं देऊळ, त्यात पांढऱ्या रंगाची, डोळे अर्धे मिटलेली मूर्ती. बोर्डावर नाव सेतो मच्छिंद्रनाथ. सेतो म्हणजे पांढरा. आई तिथेच थबकली. "मच्छिंद्रनाथ? आपले?"

पुजारी आले, ते शाक्य-वज्राचार्य, म्हणजे बौद्ध. त्यांच्यासाठी हा अवलोकितेश्वर, करुणामय, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या बाईंसाठी हा मच्छिंद्रनाथ, गोरखनाथांचे गुरू. नेवारीत लोक सरळ जनबहाद्यः म्हणतात, म्हणजे जनबहालचा देव. झाली की नाही तीन नावं? आणि भांडण काहीच नाही.

इथली गोष्ट अशी की राजा यक्ष मल्लाच्या काळी लोक नदीत स्नान करून स्वयंभूचं दर्शन घ्यायचे आणि मेल्यावर थेट स्वर्गात जायचे, त्यामुळे यमाचं कामच ठप्प झालं. यमराज स्वतः चौकशीला आले, तर राजाने एका तांत्रिकाच्या मदतीने त्यांनाच पकडून ठेवलं आणि म्हणाला अमर कर, मग सोडतो. यम बिचारा अडकला, त्याच्या हातात ते नव्हतंच. त्याने अवलोकितेश्वराचा धावा केला, आणि पाण्यातून पांढऱ्या रंगाचा, डोळे अर्धे मिटलेला देव वर आला. त्याने सांगितलं, देऊळ बांध, माझा रथ काढ, जे दर्शनाला येतील त्यांना दीर्घायुष्य मिळेल. पुढे मूर्ती मातीखाली गेली आणि जमल भागात परत सापडली, म्हणून चैत्रातली रथयात्रा आजही जमलहून निघते, साधारण आपल्या रामनवमीच्या आसपास.

ही गोष्ट ऐकताना मला आमच्या घरच्या शेताची केस आठवली. आजोबांच्या वेळी सुरू झालेली, बावीस वर्षं चाललेली, आणि त्या सगळ्या काळात आमच्या घरात सातबाऱ्याचा कागद पोथीसारखा वाचला गेला. सातबाऱ्यात कसं असतं, मालकाचं नाव एकीकडे, आणि "इतर हक्क" असा एक रकाना असतो, खरी मजा त्या रकान्यात. विहिरीत हिस्सा कोणाचा, वाट कोणाची, आंब्याची झाडं कोणाची. मला चालता चालता जाणवलं की काठमांडूच्या दंतकथा म्हणजे तेच आहे. पांढरा रंग का, डोळे मिटलेले का, रथ जमलहूनच का निघतो, दर्शन घेतलं तर काय मिळतं, सगळं त्या गोष्टीत नोंदवलेलं आहे. आपण ती करमणूक म्हणून ऐकतो. तिथल्या माणसासाठी त्यात त्याच्या घराण्याचा हक्क लिहिलेला असतो. म्हणून "हे कोणाचं" हा प्रश्न चुकत नाही, पण उत्तर एका नावात मागितलं की चुकतं. विचारायचं असं, पुजारी कोण, रथ कोण ओढतं, आणि गोष्टीत कोणाकोणाची नावं आहेत.

इंद्रचोकात पटकन जातो. आकाशभैरवाचं निळं मुंडकं आहे, वरच्या मजल्यावर देऊळ. गोष्ट अशी की यलंबर नावाचा किरात राजा महाभारताच्या युद्धाला गेला, कृष्णाने विचारलं कोणाकडून लढणार, तो म्हणाला जो हरत असेल त्याच्याकडून, तर कृष्णाने डोकं उडवलं आणि ते उडत उडत इथे येऊन पडलं. बर्बरिकाची गोष्ट माहीत असेल तर ओळखीची वाटेल. शेजारच्या बोळात मण्यांच्या पोतांचा बाजार आहे, तिथे बरीच दुकानं पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान व्यापाऱ्यांची, आणि पोत घालणाऱ्या हिंदू सवाष्णी. आमचा अर्धा तास तिथे गेला, कारण सांगायला नको.

हनुमानढोका म्हणजे जुना राजवाडा. तिथे उंच चौथऱ्यावर तलेजूचं देऊळ दिसतं, 1564 साली महेंद्र मल्लाने बांधलं, साधारण 36 मीटर उंच, आणि सामान्य लोकांना वर्षातून फक्त एकदा, दसऱ्याच्या नवमीला उघडतं. तलेजू ही मल्ल राजांची कुलदेवी. तिला तुलजा, तुलजाभवानी असंही म्हणतात, आणि हे ऐकल्यावर मराठी माणसाचे कान टवकारणारच. आता जरा सांभाळून. 1097 मधे नान्यदेव नावाच्या सरदाराने तराईत सिम्रौनगढला राज्य उभं केलं, त्याचं घराणं कर्णाट म्हणवायचं, म्हणजे मूळ दख्खनचं. त्याच घराण्यातला हरिसिंहदेव 1324 च्या सुमारास घियासुद्दीन तुघलकाच्या स्वारीमुळे डोंगरात पळाला, आणि परंपरा सांगते की तलेजू त्याच्याबरोबर खोऱ्यात आली. तो स्वतः वाटेतच वारला, त्याची राणी देवलदेवी भक्तपूरला पोचली. आता दख्खनचं घराणं आणि तुळजासारखं नाव, एवढ्यावरून देवी एकच असं मी ठोकून देणार नाही, पण आईने मात्र बाहेरूनच ओटीचे पैसे ठेवले, आणि तिला अडवणारा मी कोण.

तलेजूची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. राजा आणि देवी रात्री एकांतात सारीपाट खेळायचे, अट एकच, कोणी बघायचं नाही. एके रात्री राजाच्या मनात वाईट विचार आला (दुसऱ्या व्हर्जनमधे राणीने दार उघडलं), देवी चिडून निघून गेली. राजा रडला, तेव्हा स्वप्नात येऊन म्हणाली, आता भेटेन ती शाक्य घरातल्या मुलीच्या रूपात. हीच कुमारी. म्हणजे हिंदू राजाची हिंदू कुलदेवी, पण अंग बौद्ध घरातल्या मुलीचं. रकाने बघताय ना? राजाला देवी हवी, शाक्यांना राजदरबारी मान हवा, आणि गोष्टीने दोन्हीची नोंद एकाच ओळीत करून टाकली. बौद्ध तिला वज्रदेवी मानतात. तिच्या घराची बांधणी विहाराची, 1757 मधे जयप्रकाश मल्लाने बांधलेलं, आणि तिची पूजा करायला तलेजूचा हिंदू पुजारीही येतो आणि वज्राचार्यही.

आम्ही अंगणात उभे होतो, काळ्या कोरीव लाकडाच्या खिडक्या, तीस-चाळीस माणसं, फोटो काढायला सक्त मनाई. वरच्या खिडकीत एक लहान मुलगी आली, डोळ्यांत कानापर्यंत काजळ, लाल कपडे, आठ-दहा सेकंद आमच्याकडे बघितलं, हसली नाही, गेली. बायकोला ते बघून कसंतरी झालं, आणि मलाही थोडं झालं. तीन-चार वर्षांची असताना निवडतात, पहिली पाळी आली की परत साधी मुलगी, तोपर्यंत बाहेर पाय जमिनीला लावायचा नाही. आता तिला शिकवायला शिक्षक येतात, कोर्टापर्यंत हा विषय गेला होता. तिची ताकद किती, तर 1768 मधे गोरखा राज्याच्या पृथ्वीनारायण शाहाने इंद्रजात्रेच्या सणाच्या दिवशीच काठमांडू घेतलं आणि पहिलं काम काय केलं, तर कुमारीकडून टिळा लावून घेतला. झालं, राज्य कायदेशीर. 2008 ला राजेशाही गेली, आता तोच टिळा राष्ट्रपती घेतात. फेरफार झाला, नोंद तीच.

थोडं पुढे काष्ठमंडप. काठमांडू हे नाव याच्यावरूनच. म्हणतात की मच्छिंद्रनाथाची जत्रा बघायला कल्पवृक्ष माणसाच्या वेशात आला होता, लीलावज्र नावाच्या बौद्ध तांत्रिकाने त्याला ओळखून खिळवून ठेवलं, आणि सुटका म्हणून एका झाडाचं लाकूड मागितलं, त्या एका झाडात हा अख्खा मंडप. गोष्टीत असंही येतं की मीठ आणि तेल एका भावाने विकलं जाईल तेव्हाच कळस चढवायचा असं ठरलं. बांधला बौद्ध सिद्धाने, आणि आत मधोमध बसलेत कोण, तर गोरखनाथ! कानफाटे जोगी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहायचे. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात हा पूर्ण कोसळला. पाया खणला तेव्हा कळलं की तो सातव्या शतकापर्यंत मागे जातो, आधी सगळे बाराव्या शतकाचा धरून चालले होते. मग स्थानिक लोकांनीच पुढाकार घेऊन जुन्या पद्धतीने लाकडात परत उभा केला. नवीन लाकूड अजून उजळ दिसतं, वासही येतो.

दुपारी जेवून स्वयंभू. पूर्वेकडून 365 पायऱ्या, शेवटच्या शंभर अगदी शिडीसारख्या. आईला गाडीने मागच्या रस्त्याने वर पाठवलं, आम्ही चढलो. माकडं फार. आमच्या केळ्यांची पिशवी पहिल्या दहा मिनिटांत गेली. ती माकडं म्हणजे मंजुश्रीच्या डोक्यातल्या उवा, असं गाईड म्हणाला. मंजुश्री म्हणजे ज्ञानाचा बोधिसत्त्व. इथे पूर्वी मोठं तळं होतं, मधे एक ज्योत असलेलं कमळ, मंजुश्रीने चोभारला तलवारीने डोंगर कापून पाणी सोडून दिलं, कमळाची टेकडी झाली, खाली वस्ती झाली. कृष्णाला मानणारे हेच काम कृष्णाच्या नावावर सांगतात. आणि गंमत म्हणजे तळं खरंच होतं, भूगर्भशास्त्रही तेच सांगतं, खोऱ्याखाली तळ्याच्या गाळाचे जाड थर आहेत, त्या काळ्या मातीवरून कालीमाटी नावाचा भागच आहे शहरात. बागमती आजही चोभारच्याच घळीतून बाहेर पडते.

स्तूपावर चारी बाजूंना डोळे, आणि नाकाच्या जागी जे आहे तो चक्क आपला देवनागरी १. उजव्या हाताला स्तूप ठेवून प्रदक्षिणा घालायची, आपल्यासारखीच. मागच्या बाजूच्या टेकाडावर मंजुश्रीचं स्थान आहे, वसंत पंचमीला शाळेतली पोरं तिथे भिंतीवर अक्षरं लिहायला झुंबड करतात, हिंदू घरातली पोरं तिला सरस्वती म्हणतात. म्हणजे दगड तोच, एकासाठी पुरुष, एकासाठी बाई. सकाळचा मी असतो तर डोकं धरून बसलो असतो.

आणि आता हारिती. स्तूपाजवळच तिचं छोटं, सोनेरी देऊळ, आणि रांग तिच्याकडेच जास्त, आया पोरांना कडेवर घेऊन उभ्या. ही मुळात यक्षिणी, स्वतःची पाचशे मुलं, पण राजगृहातली दुसऱ्यांची मुलं पळवून खायची. बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत आली, तेव्हा बुद्ध म्हणाला, पाचशेतलं एक गेलं तर तुझं हे होतं, ज्यांचं एकुलतं एक गेलं त्यांचं काय? तेव्हापासून ती मुलांची राखणदार. हिंदू तिला शीतला म्हणतात, देवीच्या आजाराची देवी. आपण मराठीत त्या रोगालाच देवी म्हणायचो, आईच्या दंडावर लस टोचलेली खूण आहे, ती तिने त्या रांगेत शेजारच्या बाईला दाखवली, त्या बाईनेही स्वतःची दाखवली, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

ही हारिती आपल्याकडेही आहे बरं का. अजिंठ्याच्या 2 नंबरच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या बाजूच्या खोलीत ती आणि तिचा नवरा पांचिक बसलेत, आणि खाली पट्टीत पोरांची शाळा कोरलीय, छडीवाले गुरुजी एका टोकाला आणि मागच्या बाकावरची पोरं दंगा करतायत. फरक एवढाच की अजिंठ्यात ती शिल्प झाली, तिकीट काढून बघायची. इथे तिच्यासमोर अजून पोरं रडतायत.

दुसऱ्या दिवशी पाटण, म्हणजे ललितपूर, कारण आईला लाल मच्छिंद्रनाथ बघितल्याशिवाय चैन नव्हतं. रातो म्हणजे लाल. हा देव सहा महिने पाटणला ताबहालात, सहा महिने बुंगमतीला. आपल्या पारायणात मच्छिंद्र स्त्रीराज्यात रमतात आणि गोरख मृदंगातून "चलो मच्छिंदर गोरख आया" वाजवतो. इथे उलटं. इथे गोरखनाथ पाऊस पाडणाऱ्या नागांना आसनाखाली दाबून ध्यानाला बसले, आणि बारा वर्षं थेंब पडला नाही. ते उठणार कधी, तर गुरू समोर आले तरच. मग राजा नरेंद्रदेव, आचार्य बंधुदत्त आणि ललित नावाचा शेतकरी, तिथल्या भाषेत ज्यापू, असे तिघं कामरूपला गेले. बंधुदत्ताने मंत्राने मच्छिंद्राला भुंग्याच्या रूपात कलशात आणलं, ज्यापूने ओझं वाहिलं. गोरख गुरूला नमस्कार करायला उठले, नाग सुटले, पाऊस पडला.

मग वाद, देव कोणाच्या गावात राहणार? कारण लोक सांगतात की राजा भक्तपूरचा, आचार्य काठमांडूचा आणि शेतकरी पाटणचा. एका म्हाताऱ्याला पंच केलं, त्याने कौल दिला पाटणला. म्हणजे नुसतं बारकाईने बघा, या एका गोष्टीत राजा आहे, बौद्ध आचार्य आहे, शेतकरी आहे, तिन्ही शहरं आहेत, गोरखनाथ आहेत, आणि प्रत्येकाला काहीतरी मिळालंय. आजही पुजारी बौद्ध, रथ ओढायला ज्यापू, रथाचं लाकूडकाम करणारे बराही वेगळे, वेत आणि दोर बांधणारे यंवाल वेगळे. रथावर पन्नास-साठ फुटांचा बांबू-वेताचा मनोरा, तो पाटणच्या अरुंद गल्ल्यांतून डुलत जातो, विजेच्या तारा आधी काढून ठेवाव्या लागतात, आणि एक दिवस तो फक्त बायका ओढतात. दर बारा वर्षांनी रथ बुंगमतीहून निघतो. 2015 ला तो निघालेला असतानाच भूकंप झाला आणि रथ वाटेतच अडकला, बुंगमतीचं देऊळ पडलं.

आईला मी आठवण करून दिली की ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउली जी परंपरा सांगतात ती आदिनाथ, मच्छिंद्र, गोरख, गहिनी, निवृत्ती अशीच येते. म्हणजे आळंदीचा धागा ओढत गेलो तर त्याचं एक टोक या लाल देवापाशी येतं, जो बौद्ध पुजाऱ्यांच्या हातून आंघोळ करतो. आई म्हणाली, "मग त्यात काय?" आणि दिव्यासाठी तेल मागायला गेली.

ताबहालाच्या पायरीवर बसून गाईडने जत्रेचा शेवटचा दिवस सांगितला, भोटो जात्रा. एका ज्यापूने नागराणीचे डोळे बरे केले, कर्कोटक नागाने खूश होऊन त्याला रत्नं जडवलेली बंडी दिली, ती भोटो. ती भुताने चोरली. पुढे मच्छिंद्राच्या जत्रेत ज्यापूला भूत तीच बंडी घालून फिरताना दिसलं. भांडण जुंपलं, दोघंही म्हणे माझी, पुरावा कोणाकडेच नाही. शेवटी ठरलं, पुरावा मिळेपर्यंत बंडी देवाकडे ठेवायची. तेव्हापासून दरवर्षी जावलाखेलला रथ थांबतो, एक माणूस वर चढून बंडी चारी दिशांना दाखवतो, राष्ट्रपतींपासून सगळे हजर असतात, आणि अजूनपर्यंत पुरावा घेऊन कोणी आलेलं नाही. मग बंडी घडी करून परत आत.

"म्हणजे केस अजून चालूच आहे," मी म्हणालो.

आईने तिच्या जुन्या अनुभवावर लगेच विचारलं, "ते राहू दे, कब्जा कोणाचा?"

गाईडने बोट आत गाभाऱ्याकडे केलं.